खून, तपास आणि प्रेम: आमच्या पुस्तक-भिशीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबागेत आमची पुस्तक-भिशी आहे, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. पैशांची असते तशीच, फक्त चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्यानं त्या महिन्याचं पुस्तक ठरवायचं. गेले चार महिने चिठ्ठ्या नेमक्या रोमँटिक सस्पेन्सवाल्यांच्याच निघून राहिल्या आहेत आणि तेव्हापासून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, कधी कधी रात्री साडेबाराला, कारण पुस्तक तेव्हाच रंगात आलेलं असतं. प्रत्येकीला वेगळं टाइप करून अंगठे दुखायला लागले म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. यावेळच्या पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अर्ध्यांचं अजून वाचून व्हायचंय.

१. रोमँटिक सस्पेन्स म्हणजे नक्की काय? लव्हस्टोरीत एक मर्डर टाकला की झालं का?

नाही झालं. सोपी टेस्ट सांगते. पुस्तकातून खून काढून बघा, दोघांची गोष्ट तशीच चालली तर ती नुसती लव्हस्टोरी. प्रेम काढून बघा, तपास तसाच चालला तर ती नुसती मिस्टरी, प्रेम वरून भुरभुरलेलं, पोह्यावरच्या शेवेसारखं. रोमँटिक सस्पेन्समध्ये दोन्ही एकमेकांत इतकं मुरलेलं असतं की एक काढलं की दुसरं कोसळतं. तिला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो म्हणून ती पोलिसांना एक गोष्ट सांगत नाही, आणि ती सांगत नाही म्हणून दुसरा खून होतो, असं.

२. मिस्टरी, थ्रिलर, सस्पेन्स सगळं एकच ना?

दुकानात एकाच शेल्फवर असतात पण एकच नाही. मिस्टरीत घडून गेलेल्या गोष्टीचा शोध असतो, कोणी केलं. सस्पेन्समध्ये पुढे काय होणार याची धाकधूक असते आणि बऱ्याचदा आपल्याला पात्रापेक्षा जास्त माहीत असतं. म्हणजे समजा रात्री सराफ्यात, आपल्या खाऊगल्लीत, ती गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) गाडीपाशी मजेत उभी आहे आणि मागच्या ओट्यावर बसलेल्या माणसाच्या खिशात काय आहे ते फक्त आपल्याला सांगितलंय. आता ती चाट मसाला जास्त मागते तरी आपला जीव जातो. थ्रिलरमध्ये वेग आणि धोक्याचा पसारा मोठा असतो, पळापळ जास्त. रोमँटिक सस्पेन्स या तिघांकडूनही उसनं घेतं, त्यामुळे लेबलवरून फार भांडू नका.

३. आमच्या आईला बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आवडायच्या, झुंजार, काळा पहाड वगैरे. हे तसंच असतं का?

चव वेगळी आहे. तिथे नायक धाडसी, गोष्ट धावती, एका बैठकीत पुस्तक संपणार. इथे लेखक हळू चालतो, मनात काय चाललंय त्यावर पानंच्या पानं घालवतो. आईंना पहिली पन्नास पानं कंटाळा येईल, त्यांना सांगा की थोडं थांबा. माझ्या सासूबाईंनी तीनदा खाली ठेवलं आणि चौथ्यांदा उचललं ते कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी सोडलं नाही.

४. नावं लक्षात राहत नाहीत हो, सगळे परदेशी, त्यात आडनावानं बोलवतात. काय करू?

पहिल्या पानाला एक कागद लावा आणि नाव न लिहिता नातं लिहा: मेलेल्याची बहीण, होडीवाला, ज्याला कुत्रा आहे तो. आपण तरी कॉलनीत सगळ्यांना नावानं कुठे ओळखतो, कोपऱ्यावरच्या काकू आणि स्कॉर्पिओवालेच म्हणतो ना. आणि प्रत्येकासमोर एक गोष्ट लिहा, खुनाच्या रात्री तो कुठे होता असं तो म्हणतो. 'म्हणतो' महत्त्वाचं. ज्याच्यासमोरची जागा निम्मं पुस्तक झालं तरी रिकामी राहते त्याच्यावर जरा लक्ष ठेवा.

५. खुनी आधी ओळखायची काही ट्रिक आहे का?

आहे पण दर वेळी चालत नाही, नाहीतर कोणी ही पुस्तकं विकतच घेतली नसती. चांगला लेखक सगळे धागे आपल्यासमोर ठेवतो, फक्त नको त्या वेळी ठेवतो. म्हणजे महत्त्वाची वस्तू अशा पानावर येते जिथे आपलं लक्ष भांडणाकडे किंवा पहिल्या स्पर्शाकडे असतं. जुन्या हेरकथांमध्ये यावर नियमच लिहिले गेले होते, अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइननं १९२८ मध्ये वीस नियम काढले आणि त्यात एक चक्क असा होता की हेरकथेत प्रेमप्रकरण नकोच, गुन्हेगाराला पकडायचंय, दोन प्रेमी जिवांना लग्नाच्या बोहल्यावर चढवायचं नाही. आणि पुढे १९३७ मध्ये इंग्रज हेरकथा-लेखिका डोरोथी सेयर्सनं आपल्या कादंबरीला उपशीर्षकच दिलं, प्रेमकथा, मधेमधे हेरगिरीचा व्यत्यय, अशा अर्थाचं. म्हणजे व्हॅन डाइनसाहेबांचा नियम दहा वर्षंही टिकला नाही, आणि बरं झालं.

आता ट्रिक. जो माणूस प्रत्येक प्रकरणात असतो पण ज्याचं तिथे काहीच काम नसतं, त्याच्याकडे बघा. जी हकिगत कोणीच तपासून बघितलेली नाही, सगळ्यांनी नुसती मान डोलावली, ती पुन्हा वाचा. जो फार मदत करतो तो. आणि शंभर पानांच्या आत ज्याच्यावर सगळे पुरावे एकदम येऊन पडतात तो बहुतेक चकवा असतो, शेतातल्या चकव्यासारखा, तुम्हाला गोल गोल फिरवून पहाटे परत त्याच बांधावर आणून सोडणारा. पण हिरो हा चकवा आहे की खरंच खुनी, ते वेगळं प्रकरण आहे, ते पुढच्या प्रश्नात.

६. मला हिरोवरच संशय येऊन राहिलाय. असं वाटणं चूक आहे का? मजा जाते ना मग?

उलट मजा तिथेच आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकाराचं इंगित हेच आहे. तपास करणारा अधिकारी रोज काय विचारतो? हा माणूस खरं बोलतोय का. आणि प्रेमात पडणारी बाई रात्री छताकडे बघत काय विचारते? हा माणूस खरं बोलतोय का. प्रश्न एकच आहे. फक्त एकाला उत्तर पुराव्यानं द्यायचंय आणि दुसरीला पुरावा यायच्या आधीच द्यावं लागतं, कारण समोरचा हात पुढे करून उभा आहे.

म्हणून चांगल्या पुस्तकात एकच वाक्य दोन कामं करतं. समजा तो म्हणतो, तुझ्या मागच्या अंगणातल्या मोगऱ्याचा वास मला फार आवडतो. ती लाजते, आपणही विरघळतो. दहा पानांनी डोक्यात येतं, अरे, हा तर म्हणाला होता की तिच्या घरी कधी आलोच नाही, मग मोगरा मागच्या अंगणात आहे हे याला कसं माहीत? ते वाक्य प्रेमाचं होतं की चूक होती? दोन्ही असू शकतं, कारण कदाचित तो चोरून आला होता पण खून करायला नाही. असा एक मोगरा सापडला की पुस्तक खाली ठेवून चहा करून घ्या, घाई करू नका.

बहुतेक वेळा हिरो सुटतो, कारण या प्रकारात दोघं शेवटी एकत्र येतात असा वाचकाशी अलिखित करार असतो (अपवाद प्रश्न १४ मध्ये). पण तो सुटणार हे माहीत असूनही दोनशे पानं तुम्हाला खात्री वाटू न देणं, हे लेखकाचं कसब.

७. शेवटचं पान आधी वाचलं तर चालतं का? खरं सांगा.

भिशीत दोन काकू आहेत ज्या उघडपणे वाचतात आणि एक आहे जी वाचते पण कबूल करत नाही. कोणी जिवंत राहतं का एवढंच बघायचं असेल, बीपी असेल, तर वाचा बापडं. पण खुनी कोण ते कळलं की प्रश्न ६ मधली सगळी गंमत गेली, मग मोगरा नुसता मोगरा राहतो.

८. रोमान्सची पानं मी उलटून टाकते. काही बिघडतं का?

बिघडतं. लेखकांना माहीत असतं की अर्धे वाचक तिथे पानं उलटतात आणि उरलेले भलत्याच कारणासाठी वाचतात, म्हणून लपवायची वस्तू तिथेच लपवतात. तो घड्याळ काढून टेबलावर ठेवतो, मनगटावर पट्ट्याचा पांढरा माग आहे. झालं, एवढंच वाक्य. आणि मागे त्यानंच सांगितलेलं असतं की वर्षानुवर्षं घड्याळ वापरत नाही. तुम्ही पान उलटलं आणि शेवटी म्हणता, लेखकानं फसवलं. फसवलं नाही हो, तुम्ही लाजलात. फारच संकोच वाटत असेल तर निदान संवाद आणि वस्तूंची नावं वाचत जा.

९. घरात प्रेत पडलंय आणि हे दोघं प्रेमात काय पडतात? पटत नाही.

मला पण आधी पटायचं नाही. पण भीतीत छाती धडधडते आणि माणूस ते धडधडणं समोरच्याच्या खात्यावर टाकतो, याच्यावर मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे, १९७४ चा, डटन आणि अ‍ॅरन या दोघांचा. कॅनडात एका उंच झुलत्या पुलावरून आलेल्या पुरुषांना आणि एका साध्या भक्कम पुलावरच्या पुरुषांना एकाच तरुणीनं गाठून प्रश्नावली भरून घेतली, नंबर दिला, तर झुलत्या पुलावाल्यांनी नंतर जास्त फोन केले. म्हणजे लेखक अगदीच हवेत सोडत नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार आणि तिसऱ्या दिवशी साखरपुडा असं असेल तर पुस्तक मिटा, मी मिटलंय.

१०. तपास करणारा इन्स्पेक्टरच साक्षीदार मुलीच्या प्रेमात. असं चालतं का?

पुस्तकात चालतं, केसमध्ये नाही. कोर्टात बचाव पक्षाचा वकील पहिला हाच मुद्दा काढेल, की साहेब, तपास अधिकाऱ्याचा यात स्वार्थ आहे, आणि सगळा तपास त्या एका नात्यानं डागाळतो. म्हणून चांगला लेखक त्याला केसवरून काढून घेतो किंवा तो स्वतः बाजूला होतो, आणि मग तो वर्दीविना, अधिकाराविना तिच्या बाजूनं उभा राहतो तेव्हा खरी गोष्ट सुरू होते. ज्या पुस्तकात कोणी साधी हरकतही घेत नाही ते आळशी पुस्तक.

११. परदेशी पुस्तकातला तपास आपल्याकडच्यासारखा असतो का? डिटेक्टिव्ह म्हणजे आपला कोण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आपल्या इंदूरमध्ये ठाण्याच्या साहेबाला सगळे टीआयच म्हणतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात टीआय म्हणजे काय, तर टाउन इन्स्पेक्टर. डिसेंबर २०२१ पासून इथे कमिशनर पद्धत आहे. परदेशी पुस्तकातला डिटेक्टिव्ह हा साधारण आपला तपास अधिकारीच, खाजगी हेर नव्हे, तो गोंधळ करू नका.

आपल्याकडे संशयास्पद मृत्यू झाला की पेपरात वाचता ना, पोलिसांनी मर्ग कायम केला, म्हणजे मृत्यूची नोंद करून चौकशी सुरू केली. तेच महाराष्ट्रात अकस्मात मृत्यूची नोंद म्हणतात. मग पंचांसमोर पंचनामा, पोस्टमॉर्टेम, आणि खून दिसला की एफआयआर. १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले, त्यामुळे आईबाबांच्या तोंडातलं खुनाचं कलम ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ झालंय. तोंडातून ३०२ काही जाणार नाही म्हणा, जुन्या सिनेमांची कृपा. आणि खुनाच्या केसमध्ये आरोपी कोठडीत असेल तर ९० दिवसांत चार्जशीट यायला हवी, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. आपल्याकडे कोणी रोमँटिक सस्पेन्स लिहील तर मी म्हणते हे ९० दिवसच घड्याळासारखे वापरावे, ८७ वा दिवस उजाडलाय, साक्षीदार फिरलाय आणि तिला अजून ठरवता येत नाहीये. परदेशी पुस्तकात शेवटी ज्युरी येते, आपल्याकडे ती केव्हाच गेली, जज्जच निकाल देतात.

१२. शेवटी खुनी इन्स्पेक्टरसमोर सगळं कबूल करतो. म्हणजे केस संपली ना?

आपल्या कायद्यात तिथे केस संपत नाही, उलट खरी पंचाईत सुरू होते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या कलम २५ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ मध्ये आहे. मॅजिस्ट्रेटपुढे स्वखुशीनं दिलेली चालते. आणि एक फट आहे, त्यानं सांगितलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, म्हणजे सुरा विहिरीत टाकलाय म्हणाला आणि निघाला, तर त्या शोधापुरता जो भाग आहे तेवढा घेता येतो. म्हणून आपल्या पेपरात 'आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार जप्त' हे वाक्य इतकं दिसतं. परदेशी पुस्तकात इशारा देऊन रेकॉर्ड केलेली कबुली चालू शकते, तेव्हा त्या लेखकाला आपल्या कायद्यानं नापास करू नका.

१३. "मृत्यू रात्री ११ वाजून १७ मिनिटांनी झाला" असं डॉक्टर सांगतो. इतकं अचूक कळतं?

नाही कळत. घड्याळ फुटून थांबलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही कोणी मुद्दाम काटे फिरवून फोडलं असेल. प्रेत ताठरणं साधारण दोन-चार तासांत जबड्या-मानेपासून सुरू होतं, बाराएक तासांत सगळीकडे पसरतं आणि मग हळूहळू सुटतं, पण उन्हाळ्यात हे सगळं भराभर होतं, थंडीत रेंगाळतं. आपल्या मे महिन्यात आणि कुठल्या तरी बर्फाळ गावात एकच हिशेब लावता येत नाही. त्यामुळे प्रामाणिक डॉक्टर मिनिट सांगत नाही, अमुक ते अमुक वेळेच्या दरम्यान असं सांगतो, आणि त्याच मधल्या वेळेत हिरोचा हिशेब लागत नसतो. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की दोन सेकंदांत बेशुद्ध, हेही खोटं, त्याला काही मिनिटं लागतात. पण एवढ्यावरून पुस्तक फेकू नका, मी तीन चुकांपर्यंत माफ करते.

१४. दोघं शेवटी एकत्रच आले नाहीत. किंवा सांगणारीच खोटं बोलत होती. मग हे रोमँटिक सस्पेन्स कसं?

इथे भांडणं होतात. प्रकाशकांच्या हिशेबानं रोमान्स म्हणजे शेवट सुखाचा किंवा निदान आशेचा. तसा नसेल तर ते प्रेम असलेलं सस्पेन्स म्हणा, वाईट नाही, फक्त घरात कोणाला भेट देताना आधी सांगा, आमच्या एका मैत्रिणीनं नवीन लग्न झालेल्या भाचीला असं पुस्तक दिलं आणि जावयाचा फोन आला.

सांगणारीच खोटं बोलते ते अजून अवघड. नियम माझा एवढाच, की तिनं लपवलेलं चालतं, पण आपल्याला सांगितलेलं साफ खोटं असेल तर त्याला कारण तिच्या स्वभावात सापडलं पाहिजे. दुसऱ्या वाचनात तिची वाक्यं पुन्हा बघा, ती म्हणते 'मी दार लावून झोपले', आतून का बाहेरून ते म्हणत नाही. असं निघालं तर लेखकाला सलाम. नाही निघालं तर पैसे वाया.

१५. सिरीजमधलं तिसरं पुस्तक आधी वाचलं तर चालेल का? लायब्ररीत तेच होतं.

तपास बहुतेक वेळा प्रत्येक पुस्तकात नवीन असतो आणि जोडपंही नवीन, त्यामुळे समजतं. पण पहिल्या पुस्तकातली जोडी तिसऱ्यात बाळ घेऊन बारशाला येते, म्हणजे ते दोघं वाचले आणि तो खुनी नव्हता हे फुकटात कळलं. प्रश्न ६ परत वाचा, काय गमावलं ते कळेल. क्रमानं मिळत असेल तर क्रमानं. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांत कधी कधी सुटे भाग सापडतात.

१६. असं खरं काही आपल्या इंदूरमध्ये झालंय का?

गुन्हा मुंबईत झाला पण धागा इंदूरचा. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या, त्याच्याबरोबर मुमताज बेगम होती, जी इंदूरच्या दरबारातून निघून गेली होती, आणि तिला पळवून न्यायचा तो प्रयत्न होता. तिच्या चेहऱ्यावर वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परत जाणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले आणि हल्लेखोरांवर तुटून पडले, एकानं तर गोल्फच्या काठीनंच. हे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही. नऊ जणांवर खटला चालला, त्यातल्या एकाचे वकील बॅरिस्टर जिन्ना होते. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यावर खटला झाला नाही, पण चौकशी आयोगाला सामोरं जा नाहीतर गादी सोडा, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि त्यांचे चिरंजीव यशवंतराव गादीवर आले. भिशीतल्या एका आजींचे वडील तेव्हा शाळेत होते, त्या सांगतात की घरात या विषयावर मोठी माणसं बोलायला लागली की मुलांना अंगणात पाठवायचे. त्यामुळे आजींना यातलं काहीच नीट माहीत नाही, आणि त्याचा राग त्यांना अजून आहे.

१७. मुलगी पंधराची आहे, तिला देऊ का?

आधी तुम्ही वाचा. मला त्या पानांपेक्षा जास्त खटकतं ते हे, की काही पुस्तकांत हिरो तिचा पाठलाग करतो, फोन तपासतो, आणि त्याला काळजी म्हणतात. ते दिसलं तर पुस्तक द्या पण बरोबर बसून बोला, खुन्याचा पाठलाग आणि याचा पाठलाग यात फरक काय सांग बघू, असं विचारा. माझ्या लेकीनं उत्तर दिलं होतं, "आई, फरक एवढाच की एकाचे केस चांगले आहेत."

१८. भिशीत शेवट कधी बोलायचा?

चहा झाल्यावर, कचोरीच्या आधी नाही. ज्यांचं वाचून झालं नाही त्यांनी तेव्हा स्वयंपाकघरात जायचं आणि दार लावायचं. आतून.